ढिगाचं बूड

अचूक मोजमाप हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. आमच्या वीजकेंद्राच्या कोळसा यार्डात हा पाया तीस वर्षं एकाच माणसाच्या पायांवर उभा होता, आणि त्यातल्या डाव्या पायाला कुरूप होतं.

यार्डाचे मुकादम दर वर्षअखेरीस ढिगाभोवती चालायचे, पावलं मोजायचे, काठीच्या सावलीवरून उंची ठरवायचे आणि आकडा सांगायचे. तो आवक-खपाच्या कागदाशी नेहमी जुळायचा. जुळलेल्या आकड्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तशी पद्धतच नाही.

यंदा वरून हुकूम आला, लेझरने मोजा. मोजणीच्या कंपनीने जी बाई पाठवली ती मुकादमांची थोरली लेक निघाली. केंद्राच्या साहेबांना त्यात काही गैर वाटलं नाही. "बरंच झालं, घरचं माणूस," ते म्हणाले.

लेकीने तिकाटण्यावर यंत्र चढवलं आणि सात जागांवरून ढीग टिपला. यंत्राचं डोकं गरगर फिरायचं आणि पडद्यावर लाखो ठिपक्यांचा ढीग उभा राहायचा, घळी-उंचवट्यांसकट. दुपारी आकडा आला. मुकादमांच्या आकड्यापेक्षा नऊशे घनमीटर कमी.

नऊशे घनमीटर म्हणजे साठेक ट्रक. एवढा कोळसा वाऱ्याने उडत नाही. मुकादमांच्या निवृत्तीला दोन महिने होते. कॅन्टीनमध्ये लोक त्यांना एकदम अदबीने चहा देऊ लागले, आणि चहा देऊन झाला की दुसऱ्या टेबलावर जाऊन बसू लागले.

"सही करून टाका, बाई," साहेब म्हणाले. "तूट ती तूट. पुढचं चौकशीत बघू."

लेक कागद तसाच घेऊन यार्डात आली. मुकादम वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसले होते.

"बाबा, खरं सांगा. मोजलंत कसं?"

"चालून."

"पावलं सारखी टाकता?"

"भिंतीच्या बाजूला बारीक टाकतो."

"आणि ते का?"

"दहा-बारा वर्षांमागे तिकडे आकडा कमी भरायला लागला. माल तर मी स्वतः उभं राहून उतरवून घेतलेला. जाणार कुठे? बुडात गेला असणार. म्हणून पावलं बारीक केली, तेवढीच जास्त भरतात."

"म्हणजे आकडा जुळवलात."

"जमिनीने गिळलेला धरला. तुझ्या यंत्राला बूड दिसतं का?"

"नाही. ते नकाशावरून घेतलंय. सपाट."

"नकाशा कधीचा?"

"यार्ड बांधलं तेव्हाचा."

"त्याच्यावर तीस वर्षं कोळसा बसलाय, बये. तुझी आत्या आपल्या सोफ्यावर सहा महिने बसली, तर केवढा खड्डा पडला!"

लेक हसली नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं. बापही बोलत नव्हता, निदान फारसं नाही. सही केली तर बाप चोर, आणि बापाच्या सांगण्यावरून आकडा बदलला तर लेक लबाड. तिने अहवालाखाली लिहिलं, 'बूड तपासल्याशिवाय सही करता येणार नाही', आणि तेवढ्याखाली मात्र सही केली.

बूड कुणी पाहिलंच नव्हतं. नवा माल वर पडायचा, वरूनच उचलला जायचा. तळाशी पोचायची वेळच आली नाही.

"मग काय, अख्खा ढीग उचलायचा?" साहेब ओरडले.

"भोकं पाडायची. बारा पुरतील."

दोन दिवस ड्रिल चाललं. भिंतीच्या बाजूची जमीन सव्वा मीटरपर्यंत खचलेली निघाली. लेकीने नवं बूड यंत्रात भरलं, पुन्हा हिशेब केला. फरक उरला तीस घनमीटर. तिने सही केली. साहेबांनी मुकादमांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

"हे तीस कुठे गेले?" मुकादमांनी विचारलं.

"बाबा, आता पुरे."

आठवड्याने प्रयोगशाळेचा कागद आला. भोकांतून निघालेल्या मालाचे नमुने त्यांनी तपासले होते. बुडातला कोळसा मातीत मिसळलेला, जळत नाही. हिशेबात सापडलेला माल भट्टीत घालता येणार नव्हता.