आधी डोळे

यंदा निमिषच्या मंडळात गणपती आलाच नाही. रोह्यात मांडव उभा राहिला, माळा लागल्या आणि मखर रिकामं राहिलं. पण असं काही झालं नाही. मंडळाची बैठक बसली आणि असं झालं नाही, हे एकमताने ठरलं. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून चालू.

निमिष नवा अध्यक्ष. गेल्या वर्षी हमरापूरच्या काळुरामच्या कारखान्यातून आलेल्या मूर्तीचा एक डोळा भाविकांकडे आणि दुसरा जनरेटरकडे होता. मंडळ म्हणालं, काळुराम बंद. निमिष म्हणाला, मूर्ती तिथूनच येईल. बिघडली तर मी पद सोडतो. काळुरामचा त्याला पुळका नव्हता. त्याला विचार करण्याच्या पद्धतींचा नाद लागला होता. वांगी घेतानाही तो आधी ती किडकी निघाली असं धरून, का निघाली याचा विचार करायचा.

आषाढात तो हमरापूरला गेला.

"शेवटाकडून उलटं यायचं, काळुरामशेठ. मूर्ती बिघडते कुठे?"

"डोल्यांत."

"डोळे कधी काढता?"

"सगल्यात शेवटी. ही राणी काढते."

"तेव्हा राणीचा हात कसा असतो?"

"तवा हात नसतोच, भाऊ," राणी म्हणाली. "तो आदीच गलून पडलेला असतो."

"मग डोळे आधी. हात ताजा असताना."

काळुराम बराच वेळ खोट शोधत राहिला. सापडली नाही. तेव्हा त्याने होकार दिला.

श्रावण सरता सरता राणीने अजून रंग न चढलेल्या पांढऱ्या मूर्तीवर डोळे काढले. इतके सरळ तिने जन्मात काढले नव्हते. मग ब्रश ठेवून ती मागे सरकली, पाठ न दाखवता.

रंगाचा फवारा मारायचा तर डोळ्यांवर चिकटपट्टी लावायला हवी होती. "देवाच्या डोल्यांवर? मी नाय," म्हणून फवारा मारणाऱ्या जनूने हात धुतले आणि घर गाठलं. बाकीच्या मूर्तीही थांबल्या, कारण कारागिरांना त्या डोळ्यांसमोर शिव्या देता येईनात, आणि शिव्यांशिवाय हात चालेनात.

काळुरामने मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंतीपलीकडे मोरूचं घर. दोन दिवसांनी मोरू आला.

"दादा, भिंतीला काय लावून ठेवलायस? घरात कोन खोटं बोलत नाय. बायकोने मला सगलं सांगितलं." तो जरा थांबला. "फिरव ते."

काळुरामने मूर्ती फिरवली आणि निमिषला बोलावलं.

"नवी ओता," निमिष म्हणाला.

"या पावसात सुकल कवा? चतुर्थी दारात आली."

"मग हे डोळे पुसा."

"तुमी पुसा," म्हणत राणीने ओला फडका पुढे केला.

निमिषने तो घेतला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. डोळ्यांत राग नव्हता. रागावर त्याच्याकडे एक पद्धत होती. ते फक्त वाट बघत होते, निकाल आधीच लावून बसलेल्या परीक्षकासारखे. तो डावीकडे सरकला. डोळेही सरकले. तो उजवीकडे आला. तेही आले.

"राणी, हे फिरतात का?"

"सरल काढलेत, भाऊ. सरल डोले असंच करतात."

फडक्यातलं पाणी निमिषच्या बुटावर ठिबकत राहिलं. आता एकच पद्धत उरली होती: निर्णय ज्याच्या हातात, त्यालाच थेट विचारावं. त्याने फडका खाली ठेवला, पिशवीतून मंडळाचं लेटरहेड काढलं आणि ते डोळे पोचणार नाहीत अशी जागा शोधली. तशी जागा नव्हती. मग तो समोरच बसला.

प्रति,
श्री गणराय,
मुक्काम काळुरामचा कारखाना, हमरापूर, ता. पेण.

विषय : डोळे मिटणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले रंगकाम प्रलंबित असून आपण पाहत असल्याने ते करण्यास कोणीही धजावत नाही. तरी रंगकाम पूर्ण होईपर्यंत आपण डोळे मिटून घ्यावेत, व मिटल्याचे निम्नस्वाक्षरीकारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.