निळा शर्ट थांबवून ठेव

आमच्या लाँड्रीचा पहिला प्रोग्रॅम ताईने आणि मी लिहिला, तेव्हा अख्ख्या लाँड्रीत कॉम्प्युटर एकच होता. सकाळी ती बसायची, दुपारी मी. गाठ पडायची नाही, म्हणून एकमेकींना जे सांगायचं ते आम्ही प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवायचो, ओळीच्या आधी चांदणी काढून. चांदणीची ओळ माणसांसाठी. मशीन तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. 'धाकटे, माझी छत्री तूच नेलीस.' 'नेली. भोक आधीपासून होतं.' भांडणंसुद्धा तिथेच.

इतक्या वर्षांनी तो प्रोग्रॅम नव्या भाषेत न्यायचं काम माझ्या नातीला मिळालं. तिचं पहिलंच काम. लाँड्रीच्या मालकांच्या पसंतीला उतरलं तर त्यांच्या बाकीच्या दुकानांचं कामही तिलाच मिळणार होतं. तिने भाषा बदलून देणारं एक हुशार सॉफ्टवेअर लावलं. ते इतकं हुशार निघालं की त्याने चांदणीच्या ओळीही मनावर घेतल्या.

हे कळलं मालक तपासणीला आले तेव्हा. "बघू या तुमचं नवं प्रकरण," म्हणत त्यांनी अंगातला निळा शर्टच मशीनमध्ये टाकला. शर्ट धुऊन, वाळून, कडक इस्त्री होऊन काचेपलीकडे येऊन लटकला. दार मात्र उघडेना. पडद्यावर अक्षरं उमटली : 'निळा शर्ट. ताई येईपर्यंत देऊ नये. ताईचा पासवर्ड टाका.'

"ही ताई कोण?" बनियनवरचे मालक म्हणाले. "मला आत्ता बँकेत जायचंय!"

"आजी!" नात रडकुंडीला आली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक निळ्या शर्टवाला नेमका दुपारी यायचा आणि ताईला तो डोळे भरून बघायचा असायचा, म्हणून तिने माझ्यासाठी चांदणीची ओळ लिहिली होती : 'निळा शर्ट थांबवून ठेव.' मी फोन लावला. "ताई, तुझा तो जुना पासवर्ड सांग."

"फोनवर? अगं, हे शेजारीच बसलेत!"

शेवटी टॅक्सी करून आली, भावोजींसकट. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मालकांनाही, आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. दार उघडलं. मग चष्मा लावून तिने मालकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"हा नव्हे गं तो. तो उंच होता."

मालकांनी घाईघाईने शर्ट चढवला. "पोरी, काम झकास आहे. फक्त त्या ताईंना आतून काढ. मग बाकीची दुकानं तुझीच."

नात लगेच कामाला लागली. "छत्रीचं राहू दे," ताई म्हणाली. "त्याचा निकाल अजून लागलेला नाही."

निघताना भावोजी दारात थांबून म्हणाले, "मी तर कायम पांढराच घालायचो."

"म्हणून तर तुमचे कपडे लगेच मिळायचे," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भावोजी एकटेच आले. हातात कोरा करकरीत निळा शर्ट, गळ्याशी दुकानाची चिठ्ठी तशीच. मशीनने तो धुतला, इस्त्री केला आणि दार फटकन उघडलं. भावोजी शर्टाकडे बघत राहिले.

"मला का नाही थांबवलं?"

"आजोबा, ती ओळ काढली ना काल!"

"मग परत घाल," म्हणाले, शर्ट पुन्हा आत ढकलला आणि समोरच्या बाकावर ऐसपैस बसले. नातीने माझ्याकडे बघितलं. मी ताईला फोन लावला.