काकडीचं डोकं काढायचं नाही

डल्सी ब्रँडवोल्डला काकडी व्हायला हरकत नव्हती. एकोणनव्वद सालच्या त्या उन्हाळ्यात स्केटबोर्डवर कोण चढलं नव्हतं? कवळीच्या जाहिरातीत आजीबाई चढल्या होत्या, बँकेच्या कॅलेंडरवर ससा, उशीच्या अभ्र्यावर डायनासोर. सांताक्लॉजलाही बाजारवाल्यांनी जुलैतच चार चाकं लावून टाकली होती. यातल्या एकालाही बोर्डवर धड उभं करायची अक्कल चित्रं काढणाऱ्यांना नव्हती. बँकेच्या सशाच्या बोर्डाची चाकं वर होती आणि तरीही तो उतारावरून चालला होता. त्यामुळे व्हिनेगरातल्या काकड्या, म्हणजे पिकल, विकणाऱ्या ‘सनी जार’ने हिरवा फोमचा पोशाख घालून बोर्डवरून रॅम्पच्या उतारावर दोन फेऱ्या मारायला बोलावलं, तेव्हा डल्सी हसली आणि हो म्हणाली. एकोणतीस वर्षांच्या बाईला बोर्डवर उभं राहायला कोणी बोलावतंय, हेच पुष्कळ होतं.

करारात एकच अट ठळक अक्षरांत होती. लोकांसमोर काकडीचं डोकं काढायचं नाही, मुलांचा विरस होतो.

तिचं टाळकं फिरलं ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. रिसीडाच्या मॉलबाहेर पार्किंगमध्ये रॅम्प उभारला होता आणि शेजारी बरण्यांचा ढीग रचला होता. प्रत्येक बरणीवर गॉगल घातलेली काकडी, एका हातावर उलटी उभी, पाय आभाळाकडे, दुसऱ्या हाताने बोर्ड पाठीमागून धरलेला. खाली लिहिलं होतं, ‘पिकल पॉप! पिकल पीटने शोधलेली उडी!’ तेच मुलांच्या डब्यांवर, तेच चादरींवर, तेच चड्ड्यांवर.

बोर्ड असा पाठीमागून धरायची कल्पना जगात एकाच डोक्यातून निघाली होती, आणि ते डोकं काकडीचं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी दुष्काळात रिसीडाच्या खोऱ्यातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले होते. परगावी गेलेल्या एका दंतवैद्याच्या अंगणात कुंपणावरून शिरून पाच जणांनी बोर्ड चालवायला त्याच्या तलावाचा तळ झाडून काढला. चार मुलगे आणि सतरा वर्षांची डल्सी. तिचा नंबर लागला सगळ्यात शेवटी. ती बोर्डवरून तलावाची गोलसर भिंत चढून वर आली, काठावर हात टेकला, उलटी झाली, बोर्ड पाठीमागून पकडला आणि वळून पुन्हा पायांवर उतरली. मग चौघे आपापल्या बोर्डाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, सिमेंटच्या काठावर आपटू लागले. त्यांच्यात दाद अशीच द्यायची. हातांनी टाळ्या वाजवणं हे बाहेरच्यांचं काम. त्यांच्यातला सगळ्यात बोलका ग्लेन हचिन्स म्हणाला, “ही डल्सी.” झालं उडीचं बारसं.

नियमच तसा होता. ज्याने उडी काढली त्याने तिला नाव द्यायचं नाही, आणि ती आपल्या नावाची झाली तर ते नाव आपल्या तोंडाने घ्यायचं नाही. बघणाऱ्यांनी घ्यायचं. स्वतः घेणाऱ्याला पुन्हा कोणी विचारत नसे. बारा वर्षांत डल्सीने ते एकदाही घेतलं नव्हतं.

तोच ग्लेन आता सनी जारचा सल्लागार होता. पांढरी पँट, हातात माइक. डल्सीने त्याला रॅम्पच्या मागे गाठलं आणि बरणी त्याच्या छातीला लावली.

“हे कोणी दिलं त्यांना?”

“अगं, आधी शांत हो.”

“शांतच आहे. म्हणून बरणी अजून माझ्या हातात आहे.”

“त्यांना एक बघण्यासारखी उडी हवी होती.”

“मग स्वतःची द्यायचीस. अरे हो, तुझ्या नावाची एकही नाही ना.”

ग्लेनचं तोंड उतरलं. “खरं सांगू? पोरं काकडीला ओळखतात. तुला कोण ओळखतं?”

“तू.”

तो इकडेतिकडे पाहू लागला. “छापून झालंय सगळं. आता माझ्या हातात काही नाही.”

“माइक आहे ना हातात? छापलंय ते राहू दे. मी वर उभी राहीन तेव्हा खरं नाव एकदा घे. एकदाच.”

ग्लेन माइकची वायर गुंडाळत बसला. ती आधीच गुंडाळलेली होती.

दुपारी तीनला डल्सी फोमच्या आत शिजत रॅम्पच्या माथ्यावर उभी होती. काकडीच्या तोंडाच्या फटीतून खाली दोन-तीनशे पोरं दिसत होती. पहिली फेरी तिने साधी मारली. दुसरीसाठी बोर्ड कडेला लावला आणि थांबली. ग्लेनने वर पाहिलं. त्याच्या शेजारी कंपनीचा टायवाला माणूस घड्याळ बघत होता.

“आणि आता,” ग्लेन ओरडला, “पिकल पीटची स्वतःची, पिकल पॉप!”

पोरांनी एकच गलका केला. डल्सीची कानशिलं ठणकू लागली. एवढा राग तिला त्या टायवाल्याचा आला नव्हता, तो बिचारा काकड्या विकत होता. ग्लेन तेव्हा त्या तलावाच्या काठावर होता. त्याने बोर्ड आपटला होता.

वर चढून शिडीने खाली उतरायची नामुष्की तिने कधी ओढवून घेतली नव्हती. आज घेतली, एकेक पायरी सावकाश उतरत. खाली येऊन तिने काकडीचं डोकं काढलं आणि बरण्यांच्या ढिगावर ठेवलं. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

“बाई, करार!” टायवाला धावत आला.

“करार काकडीशी होता. ती तिथे आहे, तिला विचारा.”

ती गाडीपाशी पोशाख सोलत होती तेव्हा बारा वर्षांची एक मुलगी बोर्ड घेऊन आली. दोन्ही कोपरं सोललेली.

“काकडीत तुम्ही होतात?”

“होते.”

“मग पिकल पॉप का नाही केलीत? मी महिनाभर शिकतेय. माझा बोर्ड सुटतो.”

“ते तिचं नाव नाही.”

“मग काय आहे?”

नाव डल्सीच्या जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. “त्या माइकवाल्याला विचार. नाव त्यानेच ठेवलंय.”

मुलगी पळाली. डल्सी गाडीचं दार उघडं ठेवून थांबली. पोरीला नाही फसवणार तो, असं तिला वाटलं, आणि असं वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मुलगी परत आली. “ते म्हणाले, आधी तिला नावच नव्हतं.”

डल्सीने गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की शेजारच्या गाडीतला कुत्रा भुंकायला लागला.

“डल्सी,” ती म्हणाली. बारा वर्षं न घेतलेलं नाव होतं, पहिल्यांदा घोगरं आलं, म्हणून तिने ते पुन्हा मोठ्याने घेतलं. “तिचं नाव डल्सी. माझंही तेच. मीच काढली ती. आणि बोर्ड तू समोरून धरत असशील, म्हणून सुटतो. पाठीमागून धर.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने आपला बोर्ड उचलला आणि त्याची शेपटी फुटपाथच्या कडेवर आपटली, एकदा, आणि मग आणखी एकदा.