दाजी-मेहुण्यांच्या छर्र्यांचा वाद

मित्रांनो, जरा लांबच बसा. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि मला माझ्या मालकाचा मनापासून राग येतो. का, ते ऐका.

माझा जन्म बिहारमधल्या मुंगेरचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या दोन्ही नळ्या घासून गुळगुळीत केल्या. वेरूळजवळच्या शेतात रानडुकरं धुडगूस घालायची, म्हणून शहराच्या छावणी भागात राहणाऱ्या शेतमालकांनी परवाना काढून मला आणलं. ते हवेत बार काढत आणि डुकरं पळून जात. कुणाचा जीव घ्यायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही.

ते गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, तात्यासाहेबांच्या हाती आले. त्यांनी मला दिवाणखान्यात टांगलं. पाहुणे आले की तात्यासाहेब न मारलेल्या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगत. मी भिंतीवर जळफळत असे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मेहुणा अतुल राहायला आला. तितर मारायचं ठरलं आणि छर्र्यांवरून दोघांची जुंपली.

"दाजी, चार नंबरच घ्या. छर्रा मोठा असतो, एक लागला तरी पाखरू खाली."

"तुला काय कळतंय? मोठे छर्रे काडतुसात कमी बसतात. सहा नंबर बारीक असतो, पण भरपूर बसतो. पाखरू सुटत नाय."

"बारीक छर्र्यानं पाखरू नुसतं जखमी होतं."

"अन् तुझा मोठा छर्रा लई लांब जातो. पलीकडं कुणी असलं तर?"

ऐकलंत? धोका त्यांना ठाऊक होता.

तात्यासाहेबांची मुलगी तनुजा दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, शिकारीला बंदी आहे. कुठलाच नंबर घेऊ नका."

"तू गप बस," तात्यासाहेब खेकसले.

शेवटी कुणीच माघार घेतली नाही. माझ्या उजव्या नळीत सहा नंबर भरला, डाव्या नळीत चार. असे दोघांचे हट्ट पोटात घेऊन मी वेरूळच्या डोंगराकडे निघाले.

माळावर फडफड करत तितर उडालं. ते फार लांब होतं, तरी तात्यासाहेबांनी उजवा बार काढला. तितर पडलं आणि पंख फरफटत झुडपाकडे पळालं.

"बघा, म्हणालो नव्हतो?" अतुलनं मला हिसकावून घेतलं आणि झुडपावर डावा बार काढला.

पलीकडून किंकाळी आली.

तिथं जमिला नावाची बाई सीताफळं तोडत होती. ती डोळ्यावर हात दाबून बाहेर आली. बोटांमधून रक्त वाहत होतं. "पाखरू दिसलं, माणूस नाय दिसलं व्हय तुमाला?" ती ओरडली आणि मटकन खाली बसली.

तिला पाणी द्यावं, हे दोघांनाही सुचलं नाही. तात्यासाहेब म्हणाले, "तुझाच छर्रा आहे हा!" अतुल म्हणाला, "पहिला बार तुमचा होता, दाजी!" भांडतच दोघं गाडीत बसले आणि तिला तिथंच टाकून निघून गेले. मी मागच्या सीटवर होते. मला हात असते तर...

पुढचं मला नंतर पोलीस ठाण्यात कळलं. जमिलाच्या आरोळ्या ऐकून तिचा नवरा फारूख धावत आला. त्यानं तिला आपल्या रिक्षातून शहरातल्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण डावा डोळा गेला.

घरी तनुजानं दोघांचं भांडण ऐकलं आणि फोन उचलला.

"बापाला तुरुंगात धाडतेस?" तात्यासाहेब ओरडले.

"तुम्ही त्या बाईला मरायला सोडून आलात," ती म्हणाली आणि पोलिसांना पत्ता सांगितला.

आता मी पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत, आहे. दोघं जामिनावर सुटलेत आणि एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. जमिलाची विचारपूस करायला मात्र एकदाही कुणी गेलं नाही. उलट तात्यासाहेबांनी अर्ज केलाय, बंदूक वडिलांची आठवण आहे, परत द्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आमची निगा राखा. मी नाही म्हणणार. मला तेल लावू नका, पुसू नका. पावसाळ्यात मालखान्याचं छत गळतं, तिथंच मला ठेवा. माझ्या दोन्ही नळ्या गंजून बुजून जाऊ द्या. निगा राखायचीच असेल, तर जमिलाच्या उरलेल्या डोळ्याची राखा.