दोरीवरचं धोतर

लढाईच्या दिवसांत वडगावात रेशनकार्डं आली. नाव लावायचं तर प्रत्येकानं चावडीत हजर राहायचं होतं.

 अंबूबाईचा नवरा तम्मण्णा घरचा हातमाग सोडून लोंढ्याला रेल्वेच्या कामाला म्हणून गेला, तो पुन्हा फिरकलाच नव्हता. गल्लीला मात्र ती सांगे, “रातच्या गाडीनं येत्यात, पहाटे जात्यात.” दर अमावास्येला माग बंद असला की त्याचं धोतर धुऊन ती अंगणातल्या दोरीवर वाळत घाली.

चावडीत कारकुनानं विचारलं, “घरात जेवणारी माणसं किती?”

“आमच्या चुलीशी सरकारला काय करायचंय?” ती फणकारली.

“मालकांना घेऊन या बाई, न्हायतर त्यांचं नाव लागणार न्हाय.”

मागं रांगेत सगळी गल्ली उभी होती.

“एकच लिवा,” अंबूबाई खाली बघत म्हणाली.

कुणालाच नवल वाटलं नाही. शेजारच्या नागुबाईनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं तर.

पुढच्या अमावास्येला तिनं धोतर धुतलं, नेहमीसारखं घट्ट पिळलं. वाळत मात्र दार लावून घेऊन घरातच घातलं.