डाळजचा चार्ज

योगिनीनं वजनकाट्याचा हूक तिसऱ्यांदा तपासला आणि चार्ज सोपवायच्या यादीवर सही करायचं पुन्हा पुढं ढकललं.

"बाई, काटा बरोबर आहे," नवीन नर्स वैष्णवी म्हणाली.

"पाव किलो जास्त दाखवतो. नऊ वर्षं याच्यावर पोरं तोललीत मी. सगळ्यांना नाही कळत ते."

वैष्णवीनं ते यादीत टिपून घेतलं. ट्रेनिंग संपवून थेट डाळजच्या उपकेंद्रात आलेली ही पोरगी. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं, राहणार भिगवणला, येऊन-जाऊन करणार आणि वर्षभरात बदली मागणार. हिच्या भरवशावर गाव टाकून जायचं, हे योगिनीला पटत नव्हतं.

बदलीचा हुकूम मात्र आला होता. बारामतीचा सरकारी दवाखाना, घरापासून चालत दहा मिनिटं. नवरा ऋषिराज तिथंच एमआयडीसीत कामाला, आणि पाचवीतली लेक उत्कर्षा आजीच्या हातची वेणी घालून शाळेत जाणारी. योगिनी शनिवारी घरी पोचायची, सोमवारी उजाडायच्या आत निघायची. याआधी दोनदा बदली आली आणि दोनदा तिनं स्वतःच अर्ज करून ती रद्द करून घेतली. दोन्ही वेळा पोरगी रडली होती. या वेळी उत्कर्षानं विचारलंच नाही, आई येणार का म्हणून. तेच योगिनीला जास्त लागलं होतं.

तरीही तिसरा अर्ज लिहून पर्समध्ये तयार होता. आज चार्ज दिला तर ती सुटली. नाही दिला, तर संध्याकाळी अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर. हातचं काही माणसाला सोडवत नाही, आणि वर तो त्यालाच माया म्हणतो.

तेवढ्यात वाड्यावरची सारजा तान्ह्याला घेऊन आली. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं योगिनीनंच केलेली.

"वैष्णवी, त्रिगुणी लस आहे. तू टोच," योगिनी म्हणाली आणि हात धुवायला आत गेली. पोरगी जरा अडखळावी असं तिला वाटत होतं, खोटं कशाला बोला.

बाहेर पोरानं भोकाड पसरलं. पाठोपाठ सारजाचा आवाज आला.

"हात लई हलका हाय बाई तुमचा. आदीच्या बाईंचा जड हुता. पोरं दोन-दोन दिस तापायची."

योगिनीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ही सारजा! डोळे भरूनच आले तिचे. आणि मग एकदम आठवलं. नऊ वर्षांपूर्वी तिनं इथं पहिलं इंजेक्शन दिलं, तेव्हा एका म्हातारीनं शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात भिगवणची खोली सोडून योगिनी गावात राहायला आली होती.

मदतनीस आक्काबाई दाराशी अवघडून उभी होती.

"मनाला लावून घिऊ नका, बाई. नवी नर्स टिकावी म्हनून म्हनत्यात. रीतच हाय ती आमच्या गावाची."

"मला तेव्हा हेच म्हणाली होती ती म्हातारी कोण गं?"

"माजी सासू," आक्काबाई पुटपुटली.

"आणि माझ्या आधीच्या बाईंचा हात?"

"निस्ता कापूस हुता."

योगिनीला हसू फुटलं, पण ते नीट हसूही नव्हतं. नऊ वर्षं! तोंडावर पाणी मारून, पदरानं पुसून ती बाहेर आली. टेबलावरची यादी ओढली आणि उभ्या उभ्याच सही ठोकली.

वैष्णवी गोरीमोरी होऊन उभी होती. पण चेहरा असा खुललेला, की लपता लपत नव्हता.

"बाई, गावात एखादी खोली मिळेल का हो? रोज भिगवणहून यायचं म्हणजे... आणि, रागावू नका, पण तुमचा हात खरंच जड होता?"

सारजानं लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली.

योगिनीनं सही केलेली यादी त्या पोरीच्या हातात ठेवली.

"जड होता तर!" ती म्हणाली. "या सारजाला विचार."