उतारावरचं घर

सांगायचं ते

घर राहायला बांधलं होतं. पिंपं आत ठेवली, भिजू नयेत म्हणून. घर कच्चं होतं, पडलं. पिंपं गडगडत कॅनडात गेली. कोणी नेली नाहीत.

झालं ते

झेडॉकने बायकोकडून एवढं घोकून घेतलं होतं. लव्हिना चुलीपुढेही तेच पुटपुटायची.

अमेरिकेच्या सरकारने परदेशी व्यापार बंद केल्यापासून व्हरमाँटच्या सीमेवर टेकाडाटेकाडावर असली घरं उगवली होती. उताराकडे भिंत नाही, नुसत्या फळ्या, आणि सगळा भार एका खुंटीवर. खुंटी उडवली की माल आपला आपणच परमुलखात.

"तिकडे दक्षिणेत तंबाखूच्या मळ्यात बसून कायदे करतात," झेडॉक म्हणायचा. "आमचं गिऱ्हाईक माँट्रियलला. झाडं तोडून, जाळून, राख उकळून केलेलं पोटॅश मी काय यांच्या पाइपात भरू?"

हिवाळाभराची मेहनत त्या पिंपांत होती. ती जप्त झाली तर जमीन सोडून ओहायोची वाट धरायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सांगायचं ते

खुंटी? कसली खुंटी?

झालं ते

बर्फ वितळू लागल्यावर एका सकाळी शिपाई आले. इथले शिपाई इथल्यांना पकडत नाहीत, म्हणून कॅप्टन दक्षिणेकडून, रटलंडहून आणलेला. पण वाट दाखवायला सार्जंट इथलाच होता: असाहेल, लव्हिनाचा धाकटा भाऊ.

तो सरळ घराखाली, उतारावर जाऊन उभा राहिला. पिंपांच्या बरोबर समोर.

"असाहेल, बाजूला हो," लव्हिना वरून ओरडली.

"नाही, ताई. मी इथे आहे तोवर दाजी खुंटी उडवत नाहीत."

"खुंटी? कसली खुंटी?" झेडॉक म्हणाला.

"परवा जेवायला आलो तेव्हा तुम्हीच कौतुकाने दाखवलीत की, दाजी!"

शिपाई खो खो हसले. कॅप्टन चिखल तुडवत चढू लागला.

झेडॉकने घराआड लपवलेला लाकडी हातोडा उचलला. लव्हिनाने दांडा धरला.

"सोड. तो उडी मारेल."

"नाही मारणार. लहानपणापासून हट्टी आहे."

"मग ओहायोला जायचं?"

"जाऊ. भावाला चिरडून इथे राहायचं नाही मला."

झेडॉकचा जबडा हलला. मग त्याने हातोडा खाली टाकला.

आणि तेव्हाच ती करकरली.

खुंटी. मेपलची, ओली. घरातलं सुकं लाकूड राखेसाठी केव्हाच जाळून टाकलं होतं, कुऱ्हाडीचा जुना दांडासुद्धा. थंडीत ती दगडासारखी घट्ट होती. आता तिच्यातून रस पाझरत होता, आणि ती हळूहळू वाकत होती.

"असाहेल! खुंटी मोडतेय!"

"अस्सं? 'अस्वल आलं' म्हणून माझी मक्याची भाकरी कोण पळवायचं, ताई?"

"देवाशपथ—"

"तेव्हाही देवाशपथच म्हणायचीस!"

ती धावली. स्कर्ट चिखलात, एक बूट मागेच राहिला. तिला उतरताना पाहून तो आणखीच हसला. "आता तूच खाली आलीस, म्हणजे तर—"

तिने सगळं अंग त्याच्या कमरेवर झोकून दिलं. दोघं बाजूला कोसळली. फळ्या फाटल्या. पिंपं त्यांच्या अगदी शेजारून वारा घालत गेली, एका पिंपाचं कडं तुटलं, पोटॅशच्या करड्या ढेकळांनी बर्फ माखला. बाकीची कॅनडातल्या कुणाच्या तरी कुंपणात जाऊन अडकली.

सांगायचं ते, झालं ते

"खुंटी कोणी काढली?" कॅप्टनने विचारलं. हातोडा झेडॉकच्या पायाशी पडला होता. झेडॉकचं तोंड उघडं, घोकलेला एकही शब्द बाहेर येईना.

असाहेलचा हात खांद्यातून निखळला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"घर आपोआप पडलं," तो म्हणाला.

"वा! या सीमेवर सगळी घरं आपोआपच पडतात. हे बहिणीने पढवलं?"

"नाही, साहेब. तिने सांगितलं होतं. मीच विश्वास ठेवला नाही."

"शपथेवर सांगशील? सगळे तुला चोरांचा सोबती म्हणतील."

"म्हणू देत."

कॅप्टनने बंदूक परत मागत हात पुढे केला. असाहेलने चांगल्या हाताने ती दिली. शिपाई उतरून गेले.

लव्हिना एप्रन फाडून त्याचा हात बांधू लागली. झेडॉक टोपी चुरगाळत जवळ आला.

"दाजी," असाहेल दात आवळून म्हणाला, "पुढच्या खेपेला लाकूड तरी वाळवून घ्या."